शून्याच्या जागेवर बसलेल्या बेंझोइक आम्लास

प्रिय बेंझोइक आम्ला,



आपली पहिली भेट बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला झाली. ऑरगॅनिकच्या प्रॅक्टिकलला सरांनी माझ्या हातात एक लहानशी नळी ठेवली. वर नंबराची चिठ्ठी, आत पांढरी पूड. ही पूड कसली, ते तीन तासांत शोधून जर्नलमध्ये लिहायचं होतं. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणात चिमूटभर टाकली, तर फसफसून बुडबुडे आले. म्हणजे आम्ल. मग उरलेली पूड उकळत्या पाण्यात विरघळवली, पाणी गरम असतानाच गाळलं आणि बीकर खिडकीत ठेवून दिला. वाफेने घसा खवखवला, दोनदा ठसका लागला. पाणी निवत गेलं तशा त्यात चमकदार सुया दिसायला लागल्या. आधी एक, मग दहा, मग बीकर भरून. त्या फिल्टर पेपरवर वाळवल्या, केशनळीत भरल्या आणि तापवल्या. 121 ते 122 अंशांवर त्या वितळल्या. निष्कर्ष: बेंझोइक ॲसिड. सरांनी लाल पेनाने बरोबरची खूण केली आणि मी घरी गेले.

पुढे मी शिक्षिका झाले आणि तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात तीस वर्षं हेच प्रॅक्टिकल घेतलं. शेकडो मुलांनी तुला ओळखलं, द्रवणांक लिहिला, सही घेतली. पण सेंद्रिय रसायनशास्त्रात बळ मोजायची जी पट्टी आहे तिचं शून्य तू आहेस, हे त्या दिवशी मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही. ते राहून गेलेलं आज सगळ्यांसमक्ष सांगायचं आहे. म्हणून हे पत्र उघडं लिहिते आहे.

तुझं घराणं जुनं आहे. सुमात्रा-जावाकडच्या स्टायरॅक्स झाडांच्या सालीला खाच पाडली की सुगंधी राळ पाझरते. निखाऱ्यावर टाकली की घरभर दरवळते ती ही राळ. अरब व्यापारी तिला ‘लुबान जावी’, म्हणजे जावाचा लोबान म्हणत. युरोपच्या बंदरांत पोचेपर्यंत त्या शब्दाची मोडतोड होऊन ‘बेंझोइन’ झालं आणि त्या राळेतून निघालेलं म्हणून तू बेंझोइक. 1830च्या दशकात जर्मनीत मिचरलिश या रसायनशास्त्रज्ञांनी तुला चुन्याबरोबर तापवलं आणि त्यातून एक पातळ द्रव मिळवला. त्या द्रवाचं नाव तुझ्यावरून पडलं. आज आपण त्याला बेंझीन म्हणतो. बेंझीनवरून तुझं नाव आलं, असं आमच्या मुलांना वाटतं. वस्तुस्थिती उलटी आहे.

आमच्या घरात तू रोजचंच आहेस. सरबताच्या आणि सॉसच्या बाटलीवर बारीक अक्षरात ‘211’ लिहिलेलं असतं, तो तुझा सोडियमचा क्षार. गजकर्णावर लावायचं जुनं व्हिटफिल्डचं मलम म्हणजे सहा टक्के तू आणि तीन टक्के तुझं भावंड, सॅलिसिलिक आम्ल. अन्नाचं किंवा कोळशाचं ज्वलनमूल्य काढायचं बाँब कॅलरीमीटर असतं, ते आधी तुला जाळून तपासून घेतात; तुझ्या एका ग्रॅमला 26.4 किलोज्यूल उष्णता निघते हे पक्कं ठाऊक असतं म्हणून. मोजमापाच्या कामी तुझ्यावर भरवसा ठेवायची रीत अशी बऱ्याच ठिकाणी आहे.

आता बळाकडे येते. लिटरभर पाण्यात तुझे साधारण सव्वा ग्रॅम विरघळवले, तर दर शंभर रेणूंमागे सात-आठ रेणू आपला प्रोटॉन पाण्याच्या हवाली करतात. बाकीचे तो धरून बसतात. तितक्याच पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे शंभरच्या शंभर देऊन मोकळे होतात. प्रोटॉन देण्याचा हा कल पीकेए नावाच्या आकड्यात मांडतात. आकडा लहान, तर आम्ल जोरकस. आणि एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. 25 अंशांना पाण्यात तुझा पीकेए 4.20 आहे. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाचा 4.76.

प्रोटॉन गेला की मागे ऋणभार राहतो. तो भार ज्याला पेलवतो, ते आम्ल प्रोटॉन सहज सोडतं. म्हणून आम्लाचं बळ तोलताना गेलेल्या प्रोटॉनपेक्षा मागे राहिलेल्या आयनाकडे जास्त बघावं लागतं. त्या आयनाला कुणी हातभार लावतंय का, की कुणी त्याच्या डोक्यावर आणखी ओझं टाकतंय? हे ठरतं रेणूत शेजारी कोणता गट बसला आहे त्यावरून.

हे पहिल्यांदा नीट मोजलं विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी. 1880च्या दशकात, आधी रिगा इथे आणि मग लाइपझिगला, त्यांनी एकामागून एक सेंद्रिय आम्लं पाण्यात विरघळवून त्यांची विद्युतवाहकता पाहिली. जितके रेणू तुटून आयन होतील तितकी वीज जास्त वाहील, एवढ्या साध्या आधारावर त्यांनी प्रत्येक आम्लाला एक स्थिरांक दिला. इलेक्ट्रॉनचा शोधही तेव्हा लागलेला नव्हता. कारण कुणालाच सांगता आलं नसतं, पण आकडे मात्र चोख होते. आधी मोजणी झाली, कारणमीमांसा नंतर आली. हा क्रम लक्षात ठेव. पत्राच्या शेवटी मला पुन्हा त्याच्याकडे यायचं आहे.

ॲसेटिक आम्लातल्या मेथिलचा एक हायड्रोजन काढून तिथे क्लोरीन बसवला की पीकेए 4.76वरून 2.86वर येतो. जवळपास ऐंशीपट बळ. दुसरा क्लोरीन बसवला की 1.3च्या आसपास, तिसरा बसवला की 0.7च्या आसपास. क्लोरीन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, ऋणभाराचा थोडा वाटा उचलतो आणि आयनाला हलकं करतो. आपल्याकडे म्हणतात, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ही म्हण मी वर्गात वर्षानुवर्षं वापरली. प्रोटॉन देणारा कार्बॉक्सिल गट तोच राहतो, त्याचं वाण बदलत नाही. शेजाऱ्याचा गुण मात्र त्याला लागतो.

पण म्हणीत एक गोष्ट सांगितलेली नाही. ढवळ्या किती अंतरावर बांधला आहे? ब्युटिरिक आम्लाची साखळी चार कार्बनांची, पीकेए 4.82. कार्बॉक्सिलला लागून असलेल्या कार्बनवर क्लोरीन बसवला तर 2.86. एक कार्बन सोडून बसवला तर 4.05. दोन सोडून बसवला तर 4.52. क्लोरीन तोच, साखळी तीच, फक्त खुंटा लांब गेला आणि गुण लागायचा जवळजवळ थांबला.

साखळीवर हा हिशोब सरळ आहे. तुझ्या कड्यावर तो खरा रंगतो. सहा कार्बनांपैकी एका कार्बनवर कार्बॉक्सिल. उरल्या पाच जागा: लगतच्या दोन ऑर्थो, त्यांच्या पलीकडच्या दोन मेटा, अगदी समोरची एक पॅरा. नायट्रो गट समोर बसवला की तुझा पीकेए 3.44 होतो, मेटा जागी बसवला की 3.49च्या जवळ. दोन्हीकडून तो ओढतोच. त्यात गोंधळ नाही.

मेथॉक्सी गटाची गोष्ट मात्र मी प्रत्येक वर्षी फळ्यावर हळूहळू लिहीत आले, कारण ती ऐकताना मुलांचे चेहरे बदलतात. मेथॉक्सी पॅरा जागी बसवला की पीकेए 4.20वरून 4.47वर चढतो, आम्ल दुबळं होतं. तोच मेथॉक्सी एक घर सरकवून मेटाला बसवला की पीकेए 4.09वर उतरतो, आम्ल जोरकस होतं. गट एकच. एका जागी तो देणारा, शेजारच्या जागी तो घेणारा.

असं का होतं? मेथॉक्सीतल्या ऑक्सिजनला दोन सवयी आहेत. तो इलेक्ट्रॉनचा लोभी आहे, म्हणून बंधांमधून आणि भोवतीच्या पोकळीतूनही आपल्याकडे ओढतो. आणि त्याच्यापाशी इलेक्ट्रॉनच्या दोन मोकळ्या जोड्या आहेत, त्यांतली एक तो कड्याच्या पाय-प्रणालीत, म्हणजे कडंभर पसरलेल्या इलेक्ट्रॉनांत, सोडतो. कड्यात सोडलेला हा भार एक आड एक कार्बनांवर साचतो. मेथॉक्सी समोर असला की हा भार नेमका कार्बॉक्सिल धरून ठेवणाऱ्या कार्बनवर येऊन पोचतो. तिथे आधीच ऋणभाराने दबलेल्या आयनाला आणखी ओझं होतं. मेथॉक्सी मेटा जागी असला की भार साचायच्या जागा कार्बॉक्सिलला चुकवून जातात. मग देणं पोचत नाही, ओढणं तेवढं जाणवतं. म्हणून ‘हा गट देणारा की घेणारा’ हा प्रश्नच अपुरा आहे. कुठून, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

आणि इथे तुझं शून्य येतं.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लुई हॅमेट नावाचे प्राध्यापक होते. 1937 साली त्यांनी एक छोटासा वाटणारा, पण दूरवर पोचलेला विचार मांडला. त्यांनी तुला, ज्याच्या मेटा आणि पॅरा जागी काहीच जोडलेलं नाही अशा साध्या बेंझोइक आम्लाला, शून्यावर बसवलं. मग प्रत्येक गटाने, प्रत्येक जागेवरून, तुझा पीकेए किती उतरवला तेवढा त्या गटाचा आकडा ठरवला; चढवला असेल तर तो उणे. त्याला नाव दिलं सिग्मा. पॅरा नायट्रोचा सिग्मा 0.78. मेटा नायट्रोचा 0.71. पॅरा मेथॉक्सीचा उणे 0.27, मेटा मेथॉक्सीचा अधिक 0.12. पॅरा मेथिलचा उणे 0.17. पॅरा क्लोरीनचा 0.23, मेटा क्लोरीनचा 0.37. हे आकडे म्हणजे प्रत्येक गटाची तुझ्या दारात केलेली नोंदणी.

इतकंच असतं तर ती एक नीटनेटकी यादी झाली असती. खरं आश्चर्य पुढे आहे. हे आकडे ज्या अभिक्रियेत तुझ्या प्रोटॉनचा संबंधच नाही, तिथेही लागू पडले. उदाहरणार्थ, तुझ्या इथाइल एस्टरचं अल्कलीने होणारं विघटन. तिथे प्रोटॉन कुणी देत नाही. हायड्रॉक्साइड आयन येऊन कार्बनवर आदळतो. समतोलाचा नव्हे, वेगाचा प्रश्न. तरीही वेगाचे लॉगरिथम एका अक्षावर आणि सिग्मा दुसऱ्या अक्षावर मांडले की ठिपके सरळ रेषेत पडतात. रेषेच्या चढाला हॅमेट यांनी ऱ्हो हे नाव दिलं. तुझा स्वतःचा प्रोटॉन सुटण्यासाठी ऱ्हो एक, हे मापच ठरलेलं. या एस्टरसाठी तो सुमारे अडीच येतो. म्हणजे शेजारी बसलेल्या गटाचं म्हणणं ही अभिक्रिया तुझ्यापेक्षा अडीचपट कान देऊन ऐकते, आणि पॅरा नायट्रो असलेला एस्टर साध्या एस्टरच्या सुमारे शंभरपट वेगाने तुटतो. उलट कार्बॉक्सिल आणि कडं यांच्यामध्ये एक कार्बन घालून फेनिलॲसेटिक आम्ल केलं की ऱ्हो अर्ध्यावर येतो. खुंटा लांब गेला, गुण कमी लागला, आणि आता किती कमी तेही सांगता आलं.

रसायनशास्त्रात तोवर ‘अमुक गटामुळे अभिक्रिया सोपी होते’ अशी वाक्यं लिहिली जात. हॅमेट यांच्यानंतर किती सोपी, तो आकडा अभिक्रिया करण्याआधी काढता येऊ लागला. 1940 साली त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिलं आणि ‘भौतिक सेंद्रिय रसायनशास्त्र’ ही एक शाखा म्हणून नावारूपाला आली. 1960च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजात कॉर्विन हान्श आणि तोशिओ फुजिता यांनी याच सिग्माच्या जोडीला रेणूच्या तेलात आणि पाण्यात वाटलं जाण्याचा आकडा घेतला आणि औषधाचा परिणाम त्याच्या रचनेवरून गणिताने वर्तवायची वाट पाडली. पोमोना हे पदवीपर्यंतचंच शिक्षण देणारं लहान कॉलेज आहे. माझ्यासारख्या कॉलेजात शिकवणाऱ्या बाईला ही गोष्ट मोठा आधार वाटते.

आता एक कबुली. तिच्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी चाचणी परीक्षेत एक प्रश्न काढला होता: बेंझोइक आम्ल आणि त्याची तीन मेथिल भावंडं, ऑर्थो, मेटा व पॅरा, यांचा बळाप्रमाणे क्रम लावा व कारण द्या. माझ्या मनातलं उत्तर सोपं होतं. मेथिल इलेक्ट्रॉन देतो, म्हणून तिन्ही भावंडं तुझ्यापेक्षा दुबळी. वर्गाने तेच लिहिलं, कारण मीच तसं लिहून दिलं होतं. एका मुलीने मात्र ऑर्थो मेथिलला तुझ्या वर, सगळ्यांत जोरकस म्हणून बसवलं. मी तिचे दोन गुण कापले. दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूमच्या दारात उभी होती, हातात ग्रंथालयातलं जाड हँडबुक, बोट एका ओळीवर. ऑर्थो टोल्युइक आम्ल: 3.91. खाली मेटा 4.27, पॅरा 4.37. तुझा 4.20 मधे.

ती बरोबर होती. ऑर्थो जागेवरचा मेथिल कार्बॉक्सिलच्या इतका अंगाला अंग लावून असतो की त्याला कड्याच्या पातळीतून बाहेर ढकलतो. एरवी कार्बॉक्सिल कड्याशी एका पातळीत राहून त्याच्याकडून थोडे इलेक्ट्रॉन घेत असतो आणि त्यामुळे आम्ल स्थिर राहतं. गट वाकला की ही देवाणघेवाण तुटते, आम्लाचा आधार जातो आणि प्रोटॉन लवकर सुटतो. जवळजवळ कुठलाही गट ऑर्थोला बसवला तरी तू जोरकसच होतोस. हॅमेट यांनी हे ओळखलं होतं. म्हणूनच त्यांनी आपल्या हिशोबात फक्त मेटा आणि पॅरा घेतले आणि ऑर्थोला मुद्दाम बाहेर ठेवलं. आपला नियम कुठे चालत नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मी मात्र कुंपणाबाहेरच्या जागेवर तोच नियम लावून एका मुलीचे गुण कापले होते. ते मी परत दिले. पण वहीत उतरवलेलं चुकीचं कारण बाकीच्या मुलांकडून परत घेणं अवघड गेलं.

त्यानंतर मी शिकवायची पद्धत बदलली. ती बदलली म्हणजे काय केलं, ते सांगते. तीन बीकर. एकात तू, 61 मिलिग्रॅम. दुसऱ्यात सॅलिसिलिक आम्ल, 69 मिलिग्रॅम. म्हणजे तूच, पण ऑर्थो जागी एक हायड्रॉक्सिल. तिसऱ्यात तोच हायड्रॉक्सिल पॅरा जागी, पुन्हा 69 मिलिग्रॅम. तिघांना प्रत्येकी 50 मिलिलिटर पाणी, थोडं कोमट करून ढवळलं की तिन्ही विरघळतात. ब्युरेटमध्ये दशांश मोलरचं सोडियम हायड्रॉक्साइड. पाच मिलिलिटरला प्रत्येक आम्ल संपतं, म्हणून अडीच मिलिलिटरवर थांबायचं. तिथे निम्मं आम्ल, निम्मा क्षार, आणि सामू जवळपास पीकेएइतका असतो.

मुलं सामूमापकाच्या काचेच्या कांडीकडे डोळे लावून उभी असतात. तुझा आकडा 4.2वर स्थिरावतो. सॅलिसिलिकचा 3.1च्या आसपास. तिसऱ्याचा 4.6. ‘मॅडम, हे दोन्ही एकच आहेत ना? रेणुसूत्र एकच आहे,’ असं कुणीतरी विचारतंच. हो, सूत्र एकच. अणू तेवढेच, गट तेच. पुस्तकातले नेमके आकडे सॅलिसिलिकला 2.97 आणि पॅराला 4.58, म्हणजे दोघांच्या बळात चाळीसपट फरक. पॅराचा हायड्रॉक्सिल समोरून इलेक्ट्रॉन देऊन ओझं वाढवतो. ऑर्थोचा हायड्रॉक्सिल आपला हायड्रोजन पुढे करून शेजारच्या आयनाचा ऋणभार धरतो, हायड्रोजन बंधाने त्याला सावरतो. हे कारण मी आकडा दिसल्यानंतर सांगते. आधी सांगत नाही.

आणखी एक खोड मोडायची होती. खाण्याच्या सोड्याबरोबर फसफसलं तर कार्बॉक्सिलिक आम्ल, नाही फसफसलं तर फिनॉल, असं मुलं पाठ करतात. मीही केलं होतं. साध्या फिनॉलचा पीकेए दहाच्या जवळ, म्हणून ते सोड्यातलं कार्बोनिक आम्ल हुसकावू शकत नाही. कार्बोनिकचा आकडा 6.35 आहे. पण पॅरा जागी एक नायट्रो आला की फिनॉल 7.15वर येतं. ऑर्थो आणि पॅराला दोन आले की चारच्या आसपास, म्हणजे तुझ्या बरोबरीला. तीन नायट्रोंचं पिक्रिक आम्ल तर 0.4च्या जवळ. ही दोन्ही कार्बॉक्सिल नसताना सोड्यात फसफसतात. चाचणी नावाला ओळखत नाही. ती फक्त बळ ओळखते.

शेवटी एक गोष्ट, जी मी तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी राखून ठेवत असे. ‘इलेक्ट्रॉन ओढतो, भार पसरतो, आयन स्थिर होतो’ ही गोष्ट आम्ही इतक्या वेळा सांगतो की तीच संपूर्ण सत्य वाटू लागते. ॲसेटिक आणि क्लोरोॲसेटिक आम्लांच्या विघटनाची उष्णता मोजली तर दोघांत फरक लहानच निघतो. पाण्यातल्या त्यांच्या बळाच्या फरकाचा मोठा वाटा एन्ट्रॉपीतून येतो. एका जागी दाटलेला ऋणभार भोवतीच्या पाण्याच्या रेणूंना करकचून शिस्तीत उभं करतो; पसरलेला भार त्यांना मोकळं सोडतो. म्हणजे शेजारी बसलेल्या गटाचा परिणाम पाण्याच्या हातून घडतो. आणि पाणीच काढून घेतलं तर? 1968च्या सुमाराला ब्राउमन आणि ब्लेअर यांनी अल्कोहोलांचं बळ वायुरूपात मोजलं, तेव्हा द्रावणातला क्रम उलटा झाला. ‘अल्किल गट इलेक्ट्रॉन देतो म्हणून आम्ल दुबळं होतं’ हे आमचं लाडकं वाक्य तिथे टिकलं नाही. तुझा 4.20 हा आकडासुद्धा तुझा एकट्याचा नाही. तो तुझा, पाण्याचा आणि 25 अंशांचा मिळून आहे.

हे ज्ञान वर्गापुरतं नाही. बुरशीच्या पेशीत तू शिरतोस ते प्रोटॉनसकट असतानाच. आयन होऊन तुला तिथे सहज प्रवेश नाही. सामू 3.2 असलेल्या आंबट सरबतात तुझे शंभरातले नव्वदहून जास्त रेणू प्रोटॉन धरून असतात, म्हणून तू त्याला टिकवतोस. सामू 6.2 असलेल्या पदार्थात शंभरातला एखादाच तसा उरतो, आणि तू असून नसल्यासारखं होतोस. बाटली कुठली टिकेल हे 4.20 या आकड्यावर ठरतं. तो आकडा पाठ करणाऱ्या मुलांना हे सांगितलं पाहिजे.

आता माझी सेवा संपत आली आहे. प्रश्नपत्रिकेत अजूनही ‘बळाचा चढता क्रम लावा’ हा प्रश्न येतो आणि मुलं अजूनही देणारे गट डाव्या बाजूला, घेणारे उजव्या बाजूला असं पाठ करून येतात. क्रम बरोबर लिहून गुण मिळवलेली पुष्कळ मुलं मी पाहिली आहेत, ज्यांनी एकाही आम्लाचा सामू स्वतः पाहिलेला नाही. ओस्टवाल्ड यांनी आधी मोजलं. हॅमेट यांनी मोजलेल्या आकड्यांतून रेषा काढली, आणि रेषा कुठे चालत नाही तेही सांगितलं. आम्ही शिक्षकांनी तो क्रम उलटा केला: कारण आधी, आकडा नंतर, किंवा आकडा नाहीच. त्या मुलीने हँडबुक उघडून मला सरळ केलं. प्रत्येक वर्गात अशी मुलगी असेलच, यावर विसंबून कसं चालेल?

म्हणून तुझ्या नावे लिहिलेल्या या पत्रातून माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींना विनंती करते. ओळखलेल्या पुडीवर लाल खूण करून मुलांना घरी पाठवू नका. त्याच दुपारी, त्याच टेबलावर, तिचं बळ त्यांना मोजू द्या. शेजारी तिची दोन भावंडं ठेवा. कारण मागाहून सांगा, आणि जिथे कारण लागू पडत नाही ती जागाही दाखवा. याला मोठं अनुदान लागत नाही. तीन बीकर, एक ब्युरेट, एक सामूमापक लागतो, आणि तिन्ही आम्लं मिळून दोनशे मिलिग्रॅम पुरतात.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका